एक्का-गुलाम हातात, समोर ऑल-इन

समजा, शनिवारची रात्र आहे. येरवड्यात, गुंजन चौकापासून पाच मिनिटांवर, चौघांनी मिळून भाड्याने घेतलेला फ्लॅट. मेसला संध्याकाळी सुट्टी, त्यामुळे मॅगी होऊन गेलेली आणि सिंकमध्ये भांड्यांचा डोंगर. जमिनीवर चादर, चादरीभोवती सहा जण, मधे पत्ते आणि प्लॅस्टिकच्या चिप्स. पैसे लावलेले नाहीत. करार एवढाच की ज्याच्या चिप्स सगळ्यात आधी संपतील, त्याने तो डोंगर घासायचा.

तुम्हाला दोन पानं येतात. कोपरा हळूच उचलून बघता. इस्पिकचा एक्का, बदामचा गुलाम. मनातल्या मनात बरं वाटतं. तेवढ्यात पलीकडे बसलेला गडी, जो तासभर दर चौथ्या हाताला हेच करतोय, सगळा ढीग पुढे ढकलतो. ‘ऑल-इन!’ बाकीचे एकेक करून पानं टाकतात. आता सगळे तुमच्याकडे बघतायत.

कॉल की फोल्ड?

ज्यांनी पोकर फक्त सिनेमात बघितलाय त्यांच्यासाठी दोन ओळी. या प्रकाराला टेक्सस होल्डेम म्हणतात. प्रत्येकाला दोन बंद पानं, मग मधे सगळ्यांसाठी पाच उघडी पानं. आधी तीन (हा फ्लॉप), मग एक, मग आणखी एक. एकूण सातांतून ज्याची पाच पानं भारी, तो जिंकला. प्रत्येक टप्प्यावर बोली लावता येते. आणि प्री-फ्लॉप ऑल-इन म्हणजे मधलं एकही पान उघडायच्या आधीच सगळं पणाला. तुम्ही कॉल केलंत की पुढे ठरवायला काही उरतच नाही. पाच पानं उघडायची आणि बघत बसायचं. ना चेहरा वाचणं, ना थापा. म्हणूनच पोकरमधला हा प्रश्न सगळ्यात स्वच्छ आहे: एकच निर्णय, तोही आत्ता.

बहुतेक जण तो कसा घेतात? ‘एक्का आहे ना, मार कॉल.’ किंवा ‘मगाशीच हरलोय, आता नको.’ किंवा सगळ्यात लाडकं कारण, ‘हा लेकाचा नुसता फेकतोय, याला आज दाखवतोच.’ ही तिन्ही कारणं पानांबद्दल नाहीत, तुमच्या मूडबद्दल आहेत.

आधी भाव काढू. गणित दहावीचंच आहे. समजा सहाही जणांकडे साधारण 400 चिप्स आहेत. तुम्ही बिग ब्लाइंडवर आहात, म्हणजे पानं बघायच्या आधीच 20 चिप्स सक्तीने मधे टाकल्यात. तुमच्या उजव्या हाताच्या भिडूने 10 टाकले होते आणि तो पळाला. समोरच्याने 400 टाकले. मधे झाले 430. तुम्हाला कॉल करायला आणखी 380 लागतील. म्हणजे 380 घालून एकूण 810 चा ढीग जिंकण्याची संधी विकत घ्यायची. 380 भागिले 810, साधारण 47 टक्के. हा तुमचा भाव. शंभरातून 47 पेक्षा जास्त वेळा जिंकत असाल तर सौदा फायद्याचा, कमी वेळा तर तोट्याचा.

इथे एक गोष्ट बघा. 50 नाही, 47. कारण मधे जे 30 चिप्स आधीपासून पडलेत, त्यात तुमचे 20 असले तरी ते आता तुमचे नाहीत. ‘माझे 20 त्यात अडकलेत’ म्हणून कॉल करणं म्हणजे ‘तिकीट काढलंय ना’ म्हणून भिकार सिनेमा शेवटपर्यंत बघणं. ते 20 गेले. पॉटमध्ये आहेत म्हणून हिशोबात मोजायचे, आपले म्हणून नाही.

तर एक्का-गुलाम 47 टक्क्यांच्या वर जिंकतो का? याचं उत्तर तुमच्या पानांत नाही. ते समोरच्याच्या पानांत आहे, आणि ती तुम्हाला दिसत नाहीत. मग अंदाज करायचा. पण ‘त्याच्याकडे राजाची जोडी असेल’ असा एका हाताचा अंदाज म्हणजे नुसता ज्योतिषाचा धंदा. खेळणारे लोक एका हाताचा विचार करत नाहीत, अख्ख्या ढिगाचा करतात. हा माणूस कोणकोणत्या पानांवर असं करेल? त्या सगळ्या पानांच्या यादीला ‘रेंज’ म्हणतात.

बावन्न पत्त्यांतून दोन पानांच्या जोड्या एकूण 1326 होतात. त्यांपैकी एकाच नंबरची जोडी (दोन राजे, दोन सत्त्या वगैरे) फक्त 78 वेळा, म्हणजे सतरा हातांत एकदा. दोन एक्के तर 221 हातांत एकदा.

आता दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. पहिला आपला अभ्यासू मित्र, जो परीक्षेलाही पेन तीन नेतो. तो दोन गुलाम किंवा त्याच्या वरच्या जोड्या आणि एक्का-राजा, एवढ्यावरच ऑल-इन करतो. 1326 पैकी 40 हात, म्हणजे 3 टक्के. त्याच्यासमोर तुमचा एक्का-गुलाम किती वेळा जिंकतो? साधारण 25 टक्के. चारातून एकदा! कारण त्याच्या जवळजवळ प्रत्येक हातासमोर तुम्ही मागेच आहात. त्याच्याकडे एक्का-राजा असेल तर तुमचा एक्का फुकट जातो, सगळी मदार गुलामावर राहते.

दुसरा आपला ऑल-इन भाऊ. याला कुठलीही जोडी चालते, एकही एक्का असला तरी चालतो, आणि दश्शीच्या वरची दोन पानं दिसली तर अंगात येतं. मोजले तर हे 366 हात होतात, साडेसत्तावीस टक्के, म्हणजे दर चौथ्या हाताच्या आसपास. यात एक्का-दुर्री आहे, एक्का-पंजी आहे, राणी-दश्शी आहे. या सगळ्यांच्या पुढे तुमचा एक्का-गुलाम आहे. जोड्यांसमोर थोडा मागे, एक्का-राजा आणि एक्का-राणीसमोर बराच मागे. सगळ्याची सरासरी काढली तर साधारण 57 टक्के येते.

पानं तीच. चिप्स त्याच. एकासमोर 25, दुसऱ्यासमोर 57. चिप्सच्या भाषेत, अभ्यासूला कॉल केलंत तर दर वेळी सरासरी 175 च्या वर चिप्सचा तोटा. ऑल-इन भाऊला कॉल केलंत तर सरासरी 80 चिप्सचा फायदा. आणि भाऊ खरोखरच पानं न बघता ढकलत असेल, तीन पत्तीतल्या ब्लाइंडसारखा, तर एक्का-गुलाम 63 च्या आसपास जातो. अशा माणसासमोर वेगवेगळ्या रंगांची राणी-सत्तीसुद्धा पन्नासच्या वर जिंकते, जी पानं एरवी तुम्ही बोटाच्या टोकाने टाकून देता.

म्हणून खरा प्रश्न ‘माझी पानं चांगली आहेत का’ हा नाही. समोरचा नक्की कोण आहे, हा आहे. आणि इथे आपण सगळे फार पटकन शिक्का मारतो. ‘तो ना, तो काहीही खेळतो.’ कशावरून?

हेही मोजता येतं. समजा वीस हात झालेत आणि त्याने दोनदा ऑल-इन केलंय. दोनदा म्हणजे फार वाटतं, आठवणीत राहतं. पण 3 टक्केवाला अभ्यासू मित्रसुद्धा वीस हातांत दोन किंवा जास्त वेळा ऑल-इन करण्याची शक्यता 12 टक्के आहे. आठातून एकदा. पानंच तशी आली, तो काय करणार? म्हणजे दोन वेळांवरून त्याला उडाणटप्पू ठरवणं घाईचं. आता वीस हातांत पाच वेळा केलंय असं समजा. अभ्यासू माणसाच्या बाबतीत हे साधारण 4 हजारांत एकदा घडेल. इथे मात्र तो अभ्यासू नाही असं बिनधास्त म्हणा. दोन आणि पाच यांत फरक तीनचाच, पण पहिल्यावरून काहीच सिद्ध होत नाही आणि दुसऱ्यावरून जवळपास सगळं.

आणखी एक गोम आहे. त्या पाचांपैकी चार वेळा कुणी कॉलच केलं नाही, त्यामुळे पानं दिसली नाहीत. एकदा, मागच्या डावात, दिसली, आणि ती निघाली किलवरचा एक्का आणि सत्ती. खरी माहिती एवढीच. पण टेबलावर त्या एका एक्का-सत्तीची स्टोरी होते, दर दहा मिनिटांनी कुणीतरी ती सांगतं, आणि तासाभरात ‘तो तर सत्तीवर ऑल-इन करतो’ असं होऊन बसतं. एक्का गळून पडतो, सत्ती उरते. अफवा कशा तयार होतात हे बघायचं असेल तर पोकरच्या टेबलासारखी जागा नाही.

तो कुठे बसलाय हेही बघा. शेवटच्या जागेवरून, बाकी सगळे पळाल्यावर ढकलणारा माणूस नुसता ब्लाइंड चोरत असेल. पहिल्याच जागेवरून, पाच जण बोलायचे बाकी असताना ढकलणारा जरा गंभीर असतो. मगाशी मोठा हात हरलाय का? डोकं फिरलेला माणूस पानांचा विचार करत नाही. उलट तासभर उनाडक्या करणारा अचानक गप्प झाला, पाण्याची बाटली शांतपणे बाजूला ठेवली आणि मग ढकलला, तर मला स्वतःला भीती वाटते. याला मात्र पुरावा काही नाही, हे माझं मत.

कॉल करणारा आणि ढकलणारा यांची बाजू सारखी नसते, हेही लक्षात घ्या. ढकलणाऱ्याला जिंकायचे दोन रस्ते आहेत: सगळे पळाले तरी तो जिंकतो, आणि कुणी कॉल केलं तर पानं भारी निघाली तरी जिंकतो. कॉल करणाऱ्याला एकच रस्ता, पानं भारी निघायला हवीत. म्हणून ज्या हातावर तुम्ही स्वतः बिनधास्त ढकलाल, त्याच हातावर दुसऱ्याच्या ढकलण्याला कॉल करता येईलच असं नाही. डेव्हिड स्क्लान्स्की या अमेरिकन खेळाडू-लेखकाने या फरकाला ‘गॅप’ असं नाव दिलं. ऑल-इन भाऊला हा नियम कुणी शिकवलेला नसतो, पण तो त्याच्यावरच जगतो. लोक पळतात आणि तो चिल्लर गोळा करत राहतो.

छोट्या जोड्यांचा मोह हा वेगळाच विषय. चारची जोडी आली की ‘जोडी आहे’ म्हणून छाती फुगते. भाऊच्या त्या साडेसत्तावीस टक्क्यांसमोर ती जेमतेम 50 टक्के भरते. त्याच्याकडे दोन मोठी वेगळी पानं असतील तर नाणं उडवल्यासारखं, मोठी जोडी असेल तर पाचातून एकदा. 47 च्या भावाला हा सौदा काठावर बसतो. आणि तुमच्यामागे अजून कुणी बोलायचं बाकी असेल तर काठावरूनही घसरतो, कारण दोघांशी झुंजायचं म्हटलं की सगळ्यांचेच आकडे पडतात. दोन एक्के एकासमोर 85 टक्के जिंकतात, तिघांसमोर 64 वर येतात. एक्क्यांची ही गत, तर चारांचं काय घेऊन बसलात?

असो. आपल्या चादरीवर परत या. मागे कुणी नाही, पाचदा ऑल-इन बघितलंय, भाव 47, तुमचे 57. हिशोब सांगतो: कॉल करा.

थांबा. सिंकमधली भांडी विसरलात.

करार काय होता? सगळ्यात आधी जो संपेल त्याने घासायची. चिप्स जास्त मिळवणाऱ्याला काहीच बक्षीस नाही. आता पुन्हा मोजा. कॉल केलंत आणि हरलात, तर तुम्ही लगेच बाद आणि भांडी तुमची. ही शक्यता 43 टक्के. जिंकलात तर भाऊ बाद, भांडी त्याची. आणि फोल्ड केलंत तर? तुमच्याकडे 380 उरतात, सहा जण अजून खेळात आहेत, भांडी तुमच्यावर यायची शक्यता ढोबळमानाने सहातून एक, म्हणजे 17 टक्के. खरं तर त्याहून कमी, कारण टेबलावर दर चौथ्या हाताला सगळं पणाला लावणारा एक वीर बसलाय. तो कधी ना कधी कुणाच्या तरी हाती सापडणारच, ते तुम्हीच कशाला व्हायला हवं?

म्हणजे 17 टक्क्यांचा धोका सोडून 43 टक्क्यांचा पत्करायचा? या करारात कॉल परवडायला तुम्ही किमान 83 टक्के वेळा जिंकायला हवं. एक्का-गुलाम सोडा, दोन राजेसुद्धा तिथवर पोचत नाहीत. भाऊच्या त्या रेंजसमोर फक्त दोन एक्के पोचतात, साधारण 86 टक्क्यांवर. म्हणजे दोन राजे हातात असताना, समोरचा फेकतोय हे माहीत असताना, शांतपणे पानं टाकायची. टेबलावर हसतील. हसू दे, त्यांच्या हातात स्क्रब असेल.

करार उलटा असता, समजा शेवटपर्यंत टिकणाऱ्यालाच सगळं, तर एक्का-गुलामावर कॉल करणं बरोबर होतं. मोठ्या स्पर्धांमध्ये खेळणारे याच कारणासाठी चिप्स आणि बक्षिसाची रक्कम यांचा वेगवेगळा हिशोब मांडतात. सेमीफायनलला ड्रॉ पुरेसा असताना कुठलाही शहाणा संघ सगळे खेळाडू पुढे पाठवत नाही, तसंच आहे हे.

आता चादरीवरून चिप्स काढून नोटा ठेवा. इथे विषय बदलतो.

एक्का-गुलामावर 57 टक्के म्हणजे 43 टक्के वेळा हरणं. सगळं बरोबर करून, समोरच्याला बरोबर ओळखून, भाव बरोबर काढून, ओळीने तीन वेळा हरण्याची शक्यता 8 टक्के. बारा-तेरा जणांच्या प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये एकाच्या वाट्याला ते येणारच. त्या एकाला वाटतं आपलं नशीब फुटकं किंवा आपण गाढव. तो दोन्ही नसतो. आणि जो ओळीने तीन जिंकतो, त्याला वाटतं आपल्याला हे जमतं. हा दुसरा मला जास्त धोक्यात दिसतो.

फायद्याच्या पैजेवर किती लावावं याचं एक जुनं सूत्र आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये काम करणाऱ्या जॉन केली यांनी 1956 मध्ये ते मांडलं. जिंकण्याची शक्यता घ्या, त्यातून हरण्याची शक्यता भागिले मिळणारा मोबदला वजा करा. आपल्या हातात 0.57 वजा 0.43 भागिले 1.13. उत्तर 0.19. म्हणजे इतकी चांगली पैज असूनही तुमच्या एकूण पैशांपैकी पाचव्या भागापेक्षा जास्त लावणं चूक. पाचवा भाग, तोही आकड्यांची पक्की खात्री असेल तर. आणि हे सूत्र असं धरून चालतं की ही पैज तुम्हाला पुन्हा पुन्हा खेळता येणार आहे. महिन्याअखेरीस खात्यात 6 हजार आहेत, त्यातून मेसचे साडेतीन द्यायचेत, आणि तुम्ही ते सगळेच ढकललेत, तर पुढची पैज येईपर्यंत तुम्ही टेबलावर नसता. गावाकडे फोन करून ‘प्रोजेक्टला पैसे लागतायत’ सांगत असता. तेव्हा 57 टक्के बरोबर होते या गोष्टीचा काडीचा उपयोग नाही.

येरवड्याचं नाव काढलं की बाहेरच्यांना आधी जेल आठवतं. पण याच भागात डेक्कन कॉलेज आहे, आणि तिथे 1948 पासून संस्कृतचा एक प्रचंड ज्ञानकोशासारखा शब्दकोश तयार होतोय. पहिला खंड 1976 मध्ये निघाला, आणि इतक्या वर्षांत निघालेले खंड ‘अ’ या अक्षराचेच. योगायोग असा की द्यूतातला फासा म्हणजे ‘अक्ष’, हा शब्द ‘अ’नेच सुरू होतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त याच फाशांवर आहे. त्यातला जुगारी सगळं हरलेला आहे, घरचे त्याला ओळख द्यायला तयार नाहीत, दर वेळी तो ठरवतो की आता जायचं नाही, आणि फाशांचा आवाज आला की निघतो. शेवटी त्याला सल्ला मिळतो तो शेती करण्याचा. एवढं जुनं सूक्त, पण मोबाईलवर नोटिफिकेशन वाजल्यावर होणारी चुळबुळ नेमकी तीच. आपल्याकडे तर बलिप्रतिपदेचं एक नाव द्यूतप्रतिपदाही आहे. गणपतीत मांडवात रात्रभर पत्ते कुटणारी मंडळं कुठल्या पेठेत नाहीत? खेळाची हौस आपल्याला कुणी बाहेरून आणून दिलेली नाही.

कायदा काय म्हणतो तेही सांगायला हवं, कारण ‘पोकर तर स्किल गेम आहे ना, लीगल आहे’ हे वाक्य कॅन्टीनमध्ये फार ऐकू येतं. महाराष्ट्रात जुगाराचा कायदा 1887 चा आहे. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, पण पोकर त्यात बसतो का यावर देशातल्या न्यायालयांचंच एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2013 मध्ये पोकरला कौशल्याच्या बाजूने कौल दिला, गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये नेमका उलटा. रमीला सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्येच मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं होतं, आणि त्याच निकालात तीन पानांच्या फ्लशसारख्या खेळांना निव्वळ नशिबाचे म्हटलं. जुगाराच्या अड्ड्यावर नुसतं सापडणं हाही त्या 1887 च्या कायद्यात गुन्हा आहे, हात कुणाचा भारी होता हे पोलीस विचारत नाहीत. गोव्यात मांडवीतल्या बोटींवर परवानगीने कॅसिनो चालतात, पण तिथेही 21 वर्षांखाली प्रवेश नाही.

मोबाईलवरच्या खेळापुरता वाद ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने मिटवून टाकला. ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा आला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी आली, खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. पाठोपाठ देशातल्या मोठ्या ॲप्सनी पैशांचे खेळ बंद केले. आता ज्या लिंक टेलिग्रामवर फिरतात त्या परदेशातून चालतात. तिथे जिंकलेले पैसे नाही मिळाले तर तक्रार कुठे करणार?

ॲप्स चालू होती तेव्हाही हिशोब तुमच्या बाजूचा नव्हता, हे फार कमी जणांनी मोजलं. प्रत्येक पॉटमधून चालवणारा आपला कट काढतो, त्याला रेक म्हणतात. समजा 5 टक्के. मग 810 च्या ढिगातून तुमच्या हाती 770 च येतात, आणि कॉलचा भाव 47 वरून 49 च्या पुढे जातो. ती काठावरची चारची जोडी आठवतेय? तिचा उरलासुरला फायदा तिथेच संपला. त्यावर ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या रकमेवर 28 टक्के जीएसटी, आणि निव्वळ जिंकलेल्या रकमेतून 30 टक्के टीडीएस. म्हणजे हरलात तर पूर्ण तुमचं, जिंकलात तर तिघांत वाटणी. आणि ज्या ऑल-इन भाऊच्या जिवावर हा सगळा फायदा उभा आहे, तो ॲपवर किती दिवस टिकतो? त्याचे पैसे संपतात, तो जातो. मग टेबलावर उरतात ते सगळे हा हिशोब पाठ असलेले. पोकरमध्ये म्हणतात की अर्ध्या तासात टेबलावरचा बकरा ओळखता आला नाही तर बकरा तुम्हीच. विनोद म्हणून सांगतात, पण तसंच असतं.

तरीही, मला हा खेळ आवडतो, आणि तुम्ही तो सोडा असं सांगायला मी बसलेलो नाही. चिप्सवर, भांड्यांवर, उद्याच्या चहावर खेळा. शक्यता म्हणजे काय हे स्टॅटिस्टिक्सच्या पुस्तकातून जे महिनाभरात डोक्यात जात नाही, ते इथे एका रात्रीत जातं. वर दिलेले आकडेही माझ्यावर विश्वास ठेवून मान्य करू नका, घरी करून बघा. पत्त्यांच्या कॅटमधून इस्पिकचा एक्का आणि बदामचा गुलाम काढून आपल्यासमोर ठेवा. उरलेली पानं नीट पिसा. समोरच्या रिकाम्या जागी दोन पानं वाटा. जोडी, एक्का, किंवा दश्शीपासून वरची दोन पानं यांपैकी काही नसेल तर परत पिसून वाटा. साधारण चार वेळा वाटल्यावर एकदा जमेल. जमलं की मधे पाच पानं उघडा आणि कोण जिंकलं ते वहीत लिहा.

असे 30 हात करायला दोन जणांना तासभर लागतो. सतराच्या आसपास तुम्ही जिंकाल. तेरा आले तरी दचकू नका आणि एकवीस आले तरी उड्या मारू नका, तिसात एवढं इकडेतिकडे होतंच. मग त्याच पानांनी अभ्यासू मित्रासमोर 30 करा. समोर फक्त दोन गुलाम आणि वरच्या जोड्या, नाहीतर एक्का-राजा. हे हात पिसून येईपर्यंत रात्र सरेल, म्हणून तेवढे हात चिठ्ठ्यांवर लिहून चिठ्ठी उचला. फक्त राजा-राणीच्या जोड्यांच्या चिठ्ठ्या सहा-सहा, दोन एक्के आणि दोन गुलामांच्या तीन-तीन, आणि एक्का-राजाच्या बारा टाका, कारण एक एक्का आणि एक गुलाम तुमच्याच हातात अडकलेत.